रजईवाला

"तुमची बायको फार सुरेख वाजवतेय," ताई म्हणाल्या. "आम्ही तिघं कुठे गेलो?"

रजईवाल्यानं रेकॉर्डिंग थांबवलं आणि खुर्ची वळवली. समोरच्या सोफ्यावर तिघं कसेबसे मावले होते. ताई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. त्या या चौघांच्या गटातल्या थोरल्या, पहिलं व्हायोलिन त्यांचं. गुडघ्यांत धरायचा तो मोठा चेलो वाजवणाऱ्या चेलोवाल्यानं दोन माणसांची जागा अडवली होती. दुसरं व्हायोलिन वाजवणारी धाकटी सोफ्याच्या हातावर टेकली होती. तिला धाकटी म्हणायचे खरे, पण तिचेही केस कानाजवळ पांढरे झाले होते.

"आहात की," तो म्हणाला. "चेलो नीट ऐका. खाली आहे."

"खाली म्हणजे? तळघरात?" चेलोवाला म्हणाला. "अरे, माझ्यासारखा माणूस आजवर कुणामागे लपला नाही. शाळेच्या फोटोत मला मागं उभं केलं तरी पुढचे तिघं झाकले जायचे. तू मला गायब करून दाखवलंस."

धाकटी हसली. ताई हसल्या नाहीत.

"परत लावू?" त्यानं विचारलं.

"नको. तीनदा ऐकलं. व्हायोला पुढे आहे, जाड आहे, गोड आहे, आणि बाकी सगळं तिच्या मागे कुठेतरी भिंतीपलीकडे चाललंय." ताईंनी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला. "हे बघा, मला परवा हे रेकॉर्ड कंपनीला पाठवायचं आहे. ते लोक दोनदा थांबले. आता थांबणार नाहीत. उद्या सकाळी मला नीट झालेलं मिळालं तर ठीक, नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडे देते. राग मानू नका."

"दुसरं कुणी याला हात लावणार नाही."

"मग तुम्ही लावा. पण चौघांना लावा."

बोलणं तिथंच संपलं. जाताना चेलोवाला दारात थांबला, रजईवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तिचं नाक कुठे गेलं रे?"

"काय?"

"नाक. वाजवायच्या आधी ती नाकानं श्वास ओढायची. फुस्स करून. तो ऐकला की आम्ही निघायचो. ताई मान हलवतात ती लोकांना दाखवायला. आमची स्टेशनमास्तर तुझी बायको होती. तिची शिट्टी तू काढून टाकलीस."

"तो आवाज होता. साफ केला."

"हं," चेलोवाला म्हणाला आणि जिना चढून गेला.

रजईवाला हे नाव त्याला बायकोनंच दिलेलं. तेव्हा ती त्याची बायको नव्हती. मोठ्या वाद्यवृंदाबरोबर ती या स्टुडिओत रेकॉर्डिंगला आली होती. व्हायोला घेऊन मधल्या रांगेत बसली होती. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची मोठी बहीण, अंगानं जरा भरलेली, आवाजानं जरा जाड. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रेकॉर्डिंग ऐकायला सगळे आत आले, आणि ही एकदम म्हणाली, "हे कुणी केलं? माझ्या वाद्यावर रजई कुणी घातली?"

"मी," तो म्हणाला होता. "कुडकुडत होतं ते."

खोलीभर हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून वादक त्याला रजईवाला म्हणायला लागले. वर्षभरानं तिनं त्याच्याशी लग्न केलं आणि नाव कायमचं चिकटलं. पाटीवर स्टुडिओचं नाव वेगळं होतं, पण पत्ता विचारणारे रजईवाल्याचाच विचारायचे. वरच्या चपलांच्या दुकानातला माणूस न विचारता जिन्याकडे बोट दाखवायचा.

नावात खोट नव्हती. तारांच्या वाद्यांचा आवाज उबदार करणं हा त्याचा हातखंडा होता. तारेवर गज घासला जातो, आणि माइक जवळ असला की ते घासणं आवाजापेक्षा जास्त ऐकू येतं. खोलीत बसून ऐकलं तर वाद्य गोड वाटतं, तेच रेकॉर्डिंगमध्ये पत्र्यासारखं वाजतं. मग लोक त्याच्याकडे यायचे.

त्याच्याकडे जुना इक्वलायझर होता, गोल बटणांचा. आलेल्या माणसाला तो सोप्या शब्दांत सांगायचा: आवाजात थर असतात, आणि प्रत्येक थराला इथं एक नळ आहे. खालचा थर घुमतो, मधला भरतो, वरचा टोचतो. ऊब आणायची म्हणजे खालचा नळ सोडायचा, असं सगळ्यांना वाटतं. तसं केलं की ऊब येत नाही, चिखल होतो. तो आधी टोचणारं शोधायचा. अडीच-तीन हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास ते बसलेलं असायचं. बटण मुद्दाम वाढवून वाद्य किंचाळायला लावायचं, ती जागा नेमकी पकडायची, आणि मग तिथंच थोडंसं कमी करायचं. त्यानंतर गरज वाटली तरच खाली, दोनशेच्या आसपास, लाकडाचा आवाज किंचित उचलायचा. बघणाऱ्याला वाटायचं की यानं काहीच केलं नाही. ऐकणारा मात्र खुर्चीत मागे टेकायचा.

तीन हजारांच्या त्या बटणाची टोपी कधीच हरवली होती. त्यावर बायकोनं टूथपेस्टचं झाकण बसवलं होतं आणि त्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. "तू सगळ्यांत जास्त हेच पिरगाळतोस," ती म्हणाली होती. "निदान कुठवर पिरगाळलंस ते तरी दिसू दे."

आणि एक गोष्ट तो प्रत्येकाला बजावून सांगायचा. एकट्या वाद्याचं बटण दाबून, बाकीचे बंद करून, आवाज कधी ठरवायचा नाही. एकट्यानं छान वाटणारं वाद्य चौघांत बसत नाही. एकटं ऐकायचं ते चूक शोधायला. सजवायचं ते सगळ्यांबरोबर. हे त्यानं इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की बायको शेजारून त्याचं वाक्य पुरं करायची.

या वेळी त्यानं नेमकं तेच केलं होतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा ती आजारी होती. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. पाठीशी उशी घेऊन ती आपल्या नेहमीच्या मधल्या खुर्चीत बसली होती. हातात जोर उरला नव्हता, आवाज बारीक येत होता, म्हणून त्यानं माइक तिच्या अगदी जवळ नेला होता. त्यामुळे तिच्या गजाचं प्रत्येक खरखरणं त्यात आलं होतं. खुर्चीचं करकरणं आलं होतं. श्वास आले होते. चौघांच्या चार वेगळ्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, होत्या, तिची तिसरी.

ती गेल्यावर कित्येक महिने त्यानं ते उघडलं नाही. ताईंनी फोन केला, मग परत केला. एका दुपारी तो खाली आला, रेकॉर्डिंग उघडलं, आणि तिसऱ्या पट्टीचं एकट्याचं बटण दाबलं. ते त्यानं परत काढलंच नाही. रोज यायचा, तिला एकटीला ऐकायचा, आणि काम करायचा. खरखर थोडी काढली. मग आणखी थोडी. लाकडाचा आवाज उचलला. श्वास पुसले, कारण त्या शेवटच्या दिवसांत तिला दम लागायचा आणि तो ऐकवत नव्हता. आठवडाभरानं तिचा आवाज असा झाला की त्याला काही खटकेना. मग त्यानं बाकी तिघांना सोडलं, तर ती त्यांच्यात दिसेना. म्हणून त्यानं तिची पट्टी वर सरकवली, आवाज मोठा केला. तरी दिसेना, आणखी सरकवली.

त्या संध्याकाळी तिघं निघून गेल्यावर तो तसाच बसून राहिला. राग ताईंचा आला होता. ताईंना तसंही सगळ्यांत पुढं असायला आवडतं, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं त्या रेकॉर्डिंगची एक प्रत मोबाइलमध्ये घेतली, दिवे घालवले आणि घरी गेला.

मुलगी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. नोकरीवरून ती थेट त्याच्याकडे यायची, त्याला जेवायला घालून मगच आपल्या घरी जायची. त्यानं कितीदा सांगितलं तरी ऐकत नव्हती. त्या बाबतीत ती आईवर गेली होती.

"हात पूस आणि हे ऐक," तो म्हणाला. "तुझ्या आईचं आहे. आणि खरं सांग."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायला कशाला पाहिजे? कान आहेत ना."

तिनं हात पुसले आणि हेडफोन घातले. पाठ टेबलाला टेकून, डोळे मिटून ती ऐकत राहिली. त्यानं सुरी उचलली आणि उरलेले बटाटे सोलायला घेतले. त्याला ते जमत नव्हतं. साली जाड निघत होत्या.

बऱ्याच वेळानं तिनं हेडफोन काढले. डोळे ओले होते, पण ती हसत होती.

"किती छान आहे, बाबा. मला दे हे. माझ्याकडे राहू दे."

"बघ! आणि ताई म्हणतात बिघडवलंय."

"ताई असं म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आम्ही दिसतच नाही. दुसऱ्याकडे देते म्हणाल्या."

मुलगी जवळ आली. तिनं त्याच्या हातातून सुरी घेतली, त्यानं सोललेला बटाटा उचलून पाहिला आणि म्हणाली, "अर्धा बटाटा सालीबरोबर गेला की."

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाही. सांगू का? रागावू नकोस." ती सोलत सोलत बोलत होती. "हे ऐकताना मला तुमची खोली आठवली. मी लहान असताना रात्री दाराबाहेरून ऐकायचे, आई तुझ्याशी बोलायची ते. हळू. असंच. मला वाटायचं, ही कोण बाई आहे? दिवसभर आमच्यावर तर ही खेकसत असते."

त्यानं साली गोळा करायला घेतल्या.

"चपला दारात! डबा विसरलीस! आरशापुढून हल! शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या आईच्या आवाजावर आमचं दूध उतू जायचं थांबतं. आणि वाजवताना पण तशीच होती. मी खाली खेळत असले की वरून ती खरखर ऐकू यायची, आणि कळायचं, आई घरात आहे." तिनं बटाटा पाण्यात टाकला. "हे जे तू केलंयस ना, ते ती तुझ्याशी बोलायची तसं आहे. ते मला हवंय. पण त्या तिघांशी ती अशी कधी बोलली असेल असं मला वाटत नाही."

"चेलोवाल्याला तर ती चारचौघांत बेसूर म्हणायची," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. असायचाच तो बेसूर."

दोघंही हसले. मग जेवणं झाली. मुलगी जायला निघाली, दारात चपला घालताना म्हणाली, "पुसू नकोस हं ते. दुसरं काय करायचं ते कर, पण हे पुसू नकोस."

सकाळी तो चपलांचं दुकान उघडायच्या आधीच स्टुडिओत आला. आज त्याच्या मनात गोंधळ नव्हता. काय करायचं ते त्याला कळलं होतं, आणि एकदा कळलं की हात आपोआप चालत, ही त्याची जुनी गोष्ट होती. आधी त्यानं ते आधीचं काम जसंच्या तसं वेगळं ठेवलं आणि त्याला नाव दिलं, 'घरचं'. मग एकट्याचं बटण वर काढलं. त्यातला पिवळा दिवा विझला. त्यानं इक्वलायझरची सगळी बटणं शून्यावर आणली, पुसलेले श्वास परत आणले आणि चौघांना एकदम सोडलं.

कानावर पत्रा आदळला. चारही वाद्यं टोचत होती, तिचं सगळ्यांत जास्त. हे असंच असणार हे त्याला ठाऊक होतं. तो बाह्या मागे सारून कामाला लागला.

सुरुवात त्यानं तिच्यापासून केली नाही. चेलो घेतला. चेलोच्या पोटात तीनशेच्या आसपास एक फुगवटा होता, त्यामुळे मधल्या सगळ्यांची जागा अडत होती. तो त्यानं दाबला. "सोफ्यावरही तू हेच करतोस," तो मोठ्यानं म्हणाला. लगेच व्हायोलाला श्वास घ्यायला जागा झाली, तिला वर न सरकवताच. मग ताईंचं व्हायोलिन. त्याचं टोक त्यानं किंचित बोथट केलं, ताईंना कळणार नाही इतकंच. धाकटीच्या वाद्याला अंग कमी होतं, तिला दोनशेवर थोडं दिलं. प्रत्येक वेळी तो चौघांना एकत्र ऐकत होता आणि प्रत्येक वेळी एखादीच गोष्ट हलवत होता.

तिघं झाले. मग तो तिसऱ्या पट्टीकडे वळला.

पट्टी खाली आणायची होती, बाकीच्यांच्या बरोबरीला. ती आणताना त्याचा हात आखडला. जरा आणली, थांबला, परत आणली. ती लहान होत गेली. मग एका जागी ती अचानक नीट ऐकू यायला लागली, मधे, ताई आणि चेलोच्या बरोब्बर मधे, जिथं तिची खुर्ची असायची. त्यानं डोळे मिटले आणि खरंच ती कुठे बसली आहे ते त्याला बोटानं दाखवता आलं असतं.

खरखर होतीच. त्याचा हात सवयीनं टूथपेस्टच्या झाकणावर गेला. त्यानं ठिपका डावीकडे वळवला. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर तीही गेली. चेलोत मिसळून गेली. त्यानं ठिपका परत सरळ वर आणला. ती परत आली, प्रत्येक सूर सुरू होताना गज तारेला लागल्याचं सांगत. शेवटी त्यानं अगदी एक केसभर कमी केलं, माइक फार जवळ होता त्याची भरपाई म्हणून, आणि हात मांडीवर ठेवला.

मग त्याला कळलं की ऊब आलेली आहे. कधी आली ते कळलं नव्हतं. एका वाद्यातून ती येत नव्हती. त्यानं तिसरी पट्टी क्षणभर बंद करून पाहिली. बाकीचे तिघं चांगले वाजत होते, पण गार पडले होते. त्यानं ती घाईघाईनं परत सुरू केली.

तिघं आले. ताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. चेलोवाल्यानं दोन माणसांची जागा घेतली.

"आज मी आहे का?" त्यानं विचारलं.

"आहेस. तुझं पोट कमी केलंय."

"घरी सांगा कुणीतरी हे."

रजईवाल्यानं पहिलं वादन लावलं. ताई मान न हलवता ऐकत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "इथं मी जरा चढले आहे," आणि तो म्हणाला, "ते तुमचं आहे, माझं नाही," आणि ताई पहिल्यांदा हसल्या. दुसरं झालं, तिसरं झालं.  धाकटीचं बोट गुडघ्यावर चालत होतं.

"शेवटचं," तो म्हणाला.

हे वादन रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांत शेवटी घेतलं होतं. तोवर बायको दमली होती. सुरू करण्यापूर्वी तिनं बराच वेळ घेतला होता, आणि काचेच्या या बाजूला उभं राहून त्याला वाटलं होतं की आता नको म्हणेल. आधीच्या कामात ती शांतता त्यानं कापून टाकली होती. आज ठेवली होती.

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. मग तिची खुर्ची करकरली. बाजूला कुणाचा तरी गज कशाला तरी लागला. परत शांतता. चेलोवाला त्याच्याकडे बघायला लागला, काही बिघडलं का म्हणून. रजईवाल्यानं थांब अशी बोटानं खूण केली.

तिनं नाकानं श्वास ओढला, जोरात, नेहमीसारखा.

सोफ्यावरच्या तिघांनी त्याच क्षणी श्वास घेतला. ताईंची हनुवटी वर उचलली गेली, धाकटीचा उजवा हात गुडघ्यावरून सुटला, चेलोवाल्याची मोठी छाती भरली. आणि चौघांनी सुरुवात केली.

रजईवाल्यानंही श्वास घेतला, जरासा उशिरा. त्याला सवय नव्हती. तो नेहमी काचेच्या या बाजूला असायचा.